आधी काठ, मग लेबल

प्रति,
कोल्हापूर, गांधीनगर आणि इचलकरंजी इथले लहान मुलांचे कपडे शिवणारे कारखानदार, होलसेलवाले आणि दुकानदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे. मंगळवार पेठेत घरीच मशीन टाकून झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी शिवते. तुमच्यातल्या काहींच्या कटिंग टेबलाखालची पोती रिक्षात घालून मीच घरी आणलेली आहेत. तेव्हा बाहेरचं कुणी येऊन शहाणपण शिकवतंय, असं समजू नका. विषय आहे उन्हाळ्यातल्या बाळटोप्यांचा, आणि तो आत्ताच काढायचं कारण असं की साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेत. म्हणजे उन्हाळ्याचा माल ठरवायचे दिवस हेच.

अलीकडे आपल्याकडच्या दुकानांत एक नवी टोपी लटकायला लागली आहे. वर हिरव्या पानाचं चित्र, त्याखाली ‘रिसायकल्ड’, शेजारी ‘यूपीएफ ५०+’, आणि किंमत साध्या टोपीपेक्षा कितीतरी चढी. एक गिऱ्हाईक बाई तसली टोपी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘अगदी अशीच अजून एक शिवून द्या.’ माप घ्यायला म्हणून मी ती उलटी केली. काठ जेमतेम दोन बोटं. तोही लुळा. आत ताठपणा देणारं ना बकरम ना फ्युजिंग, त्यामुळे घाम आला की कपाळाला चिकटणार. मागच्या बाजूला हवा खेळावी म्हणून जाळी लावलेली, ती नेमकी मानेवर. ५०+ हा आकडा कुणी मोजला, कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या मानकाप्रमाणे, याचा लेबलावर पत्ताच नाही. टोपी कुणाची आणि दुकान कुणाचं, हे मी सांगणार नाही. एकाच दुकानाचं दुखणं असतं तर तिथं जाऊन भांडून आले असते.

यूपीएफ म्हणजे काय, हे निदान विकणाऱ्याला तरी माहीत पाहिजे. उन्हातले अतिनील किरण कापडातून किती आरपार जातात, त्याचं ते माप. ५० म्हणजे पन्नासातला एक भाग आत येतो, दोन टक्के. १५ असेल तर पंधरातला एक. हे मानक पहिल्यांदा नीट बसवलं ते ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं, १९९६ साली. कापडाचा तुकडा यंत्रात धरतात आणि २९० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किरण किती पलीकडे जातात ते मोजतात. इथं मोजलं जातं ते कापड. काठाच्या बाहेरून गालावर येणारं ऊन त्या आकड्यात धरलेलं नाही, मागच्या जाळीतून मानेवर येणारं तर नाहीच. त्या देशांच्याही हे लक्षात आलं आणि २०१७ च्या सुधारणेत कपड्यानं अंग किती झाकलं पाहिजे याच्याही अटी घातल्या गेल्या. आपण मात्र आकडा तेवढा उचलला आणि अटी तिकडंच ठेवल्या.

ऑस्ट्रेलियातली कॅन्सर कौन्सिल सांगते की टोपीचा काठ मोठ्या माणसाला साडेसात सेंटिमीटर आणि लहान मुलाला किमान पाच सेंटिमीटर हवा. पुढं चोच असलेली क्रिकेटची कॅप त्यांच्या हिशोबात धरतच नाहीत, कारण कान, गाल आणि मान उघडी राहते. आपल्या दुकानांत मात्र वर्षाच्या पोराला सगळ्यात जास्त खपते ती हीच कॅप, वर एखादं कार्टून चिकटवलेली.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर माझाच कुणी जाहिरातीत वापर करेल. ऑस्ट्रेलियातली भीती इथं जशीच्या तशी आणून विकू नका. तिकडच्या गोऱ्या कातडीला त्वचेच्या कॅन्सरचा जो धोका आहे, तो आपल्या सावळ्या पोरांना तेवढा नाही. आपला प्रश्न आहे तापलेल्या डोक्याचा, भाजलेल्या कातडीचा आणि डोळ्यांचा. भाजलेल्या रुग्णाचं अंग मोजताना डॉक्टर मोठ्या माणसाचं डोकं-मान शरीराच्या ९ टक्के धरतात आणि तान्ह्या बाळाचं १८ टक्के. म्हणजे बाळाचं उघडं डोकं हा केवढा मोठा भाग आहे, ते बघा. शिवाय बाळाला आपल्यासारखा घाम सुटून अंग गार होत नाही, आणि ऊन लागतंय म्हणून ते स्वतः सावलीला सरकतही नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात नेऊच नये आणि सनस्क्रीनही शक्यतो लावू नये, असंच डॉक्टर सांगतात. त्यामुळे ‘ही टोपी घाला आणि बिनधास्त फिरा’ असलं काही पाकिटावर छापू नका. न्हाऊमाखू घातल्यावर सकाळच्या कोवळ्या उन्हात बाळाला घेऊन बसायची आपली रीत आहे, तिच्याबद्दल मी इथं काही म्हणत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब डॉक्टर देतातच. टोपी हवी ती कोवळं ऊन सरल्यानंतरच्या उन्हाला.

‘आपल्याकडं कुठं विदर्भासारखं ऊन आहे?’ हे वाक्य मी गांधीनगरात ऐकलंय. बरोबर आहे, पारा तेवढा चढत नाही, मे महिन्यात एखादा वळीवही येऊन जातो. पण अतिनील किरण पाऱ्यावर मोजत नाहीत. कोल्हापूर साधारण पावणेसतरा अक्षांशावर आहे, त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायातच गोळा होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. त्यात आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास उंचावर. पातळ ढग असले तरी हे किरण खाली येतातच. अतिनील निर्देशांक, म्हणजे या किरणांच्या तीव्रतेचा आकडा, ३ किंवा त्याच्या वर गेला की डोकं झाका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि ११ पासून पुढे ‘अतितीव्र’ म्हणते. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्या पट्ट्यात ११ ओलांडणं ही नवलाची गोष्ट नाही.

सूर्य डोक्यावर असताना पाच सेंटिमीटरचा काठ चेहऱ्याचं काम भागवतो. अडचण होते ती सकाळी दहाला आणि दुपारी साडेतीनला. तेव्हा ऊन तिरपं येतं, कानावर आणि मानेवर. बाळ आईच्या कडेवर मान टाकून झोपलेलं असतं किंवा गाडीवर आईबापाच्या मधे बसलेलं असतं. चैत्र पौर्णिमेला जोतिबाला जाऊन बघा. सासनकाठ्या नाचतायत, गुलाल उडतोय आणि बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराच्या मानेवर सरळ ऊन. बापाच्या डोक्याला फेटा आहे, पोराच्या डोक्याला हातरुमाल. म्हणून काठाइतकाच मागचा पडदा महत्त्वाचा. परदेशात अशा पडद्याच्या टोपीला लष्करी टोपीचं नाव आहे. आपल्याला ती नवी नाही, कुंची तशीच असते. डोकं, कान, मान आणि निम्मी पाठ एका कापडात झाकणारी. तिच्यात उणीव एकच, कपाळापुढं काठ नाही. कुंचीचा पडदा आणि गोल टोपीचा काठ एकत्र आणला की झालं, याला डिझायनर कशाला लागतोय?

आता कापडाकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथं आहे.

‘रिसायकल्ड’ म्हणून जी टोपी येते तिचं कापड बहुतेक वेळा पाण्याच्या बाटल्यांपासून केलेलं पॉलिस्टर असतं. बाटल्या फोडून चुरा करायचा, धुवायचा, वितळवायचा आणि बारीक छिद्रांतून ओढून धागा काढायचा. वाईट आहे असं मी म्हणत नाही. पॉलिस्टर अतिनील किरण, त्यातही जास्त भाजणारे, सुतापेक्षा चांगले अडवतं, आणि झटकन वाळतं, म्हणून पोहायच्या टोपीला ते उत्तम. पण रंकाळा तलावावर फिरायला नेलेल्या आठ महिन्यांच्या बाळाला पॉलिस्टरचं अस्तर म्हणजे डोक्यावर वाफ. शिवाय बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिची टोपी केली की पुढे त्या टोपीचं काही होत नाही, ती जाते कचऱ्यात, आणि प्रत्येक धुण्याला बारीक धागे पाण्यात सोडते ते वेगळंच. आपलं पाणी शेवटी पंचगंगेलाच जातं, आणि तिची अवस्था मी तुम्हाला सांगायला नको.

इकडं आपल्या दारात काय पडलंय ते बघा. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लावला. १९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मिल उभी केली. मिल बंद पडली, माग चालू आहेत. सव्वाशे वर्षं ज्या जिल्ह्यात कापड निघतंय, तिथं पुनर्वापराच्या टोपीसाठी कापड बाहेरून आणायचं? कटिंगमध्ये दहा-पंधरा टक्के कापड चिंधीत जातं, हे तुम्ही स्वतःच हिशोबात धरता. ती चिंधी भंगारवाल्याकडे जाते किंवा लांब पानिपतला पिंजायला जाते. पिंजलं की धागा आखूड होतो, सूत कच्चं आणि जाडं निघतं, मग ताकदीसाठी त्यात पॉलिस्टर घालावं लागतं. जो तुकडा सरळ कातरून वापरता येतो तो पिंजायचाच कशाला?

आणि टोपीला तुकडा लागतो केवढा? वर्षाच्या बाळाचं डोकं साधारण ४६ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटर सैल धरा, ४८. वरची टोपी सहा कळ्यांची केली तर प्रत्येक कळी खाली आठ सेंटिमीटर, शिलाईसकट दहा. वीतभर उंचीचा तुकडा पुरतो. बसत नाही तो काठ. एका अखंड कड्यात काठ कापायचा तर पंचवीस-सव्वीस सेंटिमीटरचा चौकोन लागतो, आणि तेवढा चौकोन चिंधीत क्वचित मिळतो. म्हणून काठ चार तुकड्यांत कापायचा, जोड कानांवर आणि मधोमध येऊ द्यायचे, दोन पदर एकावर एक घेऊन कडेनं समांतर टिपा घालायच्या. चार-पाच ओळी टिपा पडल्या की बकरम न घालताही काठ उभा राहतो. वरच्या पदराला फिकं कापड, खालच्या पदराला डेनिमसारखं गडद. वरचं फिकं कमी तापतं आणि खालचं गडद घाटाच्या फरशीवरून किंवा रस्त्यावरून उलट येणारी तिरीप डोळ्यांवर टाकत नाही. मी केलेल्या टोप्यांत ज्या परत परत मागितल्या गेल्या त्या याच. दिसायलाही बऱ्या दिसतात, वाकळीची नक्षी असते तशी.

कुठली चिंधी घ्यायची हेही बघावं लागतं. मलमल, व्हॉइल, पातळ होजियरी बाहेरच्या बाजूला नको. पातळ पांढऱ्या सुती कपड्यातून बऱ्यापैकी ऊन आत येतं, ओला झाला तर आणखी, ताणला तर त्याहून जास्त. घट्ट विणीचं पॉपलिन, ड्रिल, ट्विल, डेनिम चालतं. इचलकरंजीचं बिनब्लीचचं कोरं ‘ग्रे’ कापड तर फारच चांगलं, कारण कापसात मुळातच किरण शोषणारी द्रव्यं असतात, ती ब्लीचमध्ये निघून जातात. पारखायची साधी रीत तुम्हाला ठाऊक आहे: कापड दिव्यासमोर धरा, विणीतून उजेडाचे ठिपके दिसले की बाजूला ठेवा. जुनं धोतर, आजीचं धुऊन धुऊन विरलेलं लुगडं आतल्या अस्तराला सोनं आहे, बाहेरच्या बाजूला कुचकामी. आपल्या घरांत बाळाचं पहिलं झबलं जुन्या मऊ कापडाचंच असायचं, त्यामागे हीच अक्कल होती. फक्त ते कापड उन्हासाठी नव्हतं.

एक गोष्ट मात्र रागानंच लिहिते. हनुवटीखालच्या नाड्या. मापात न बसणारी टोपी पडू नये म्हणून लांब नाडी लावून दिली जाते आणि टोकाला मणी किंवा गोंडा. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना डोक्या-मानेजवळ ओढायच्या नाड्या लावायला परवानगी नाही, कारण पाळण्यात, घसरगुंडीत अडकून गळा आवळल्याच्या घटना घडल्या आहेत. मणी तोंडात गेला तर घशात. बोटभर वेल्क्रो लावा, ओढ बसली की सुटलं पाहिजे. गोंडे बाप्पाच्या आसनाला शोभतात.

लेबलाचं बोलते. सरकारनं ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणाच्या नावाखालच्या फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ‘इको’, ‘ग्रीन’ असं छापायचं तर पुरावा हवा, आणि दावा पूर्ण वस्तूचा आहे की तिच्या एखाद्या भागाचा, की नुसत्या पाकिटाचा, तेही सांगायला हवं. जागतिक पातळीवर जे जीआरएस (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) प्रमाणपत्र चालतं त्यात २० टक्के पुनर्वापराचा माल असला तरी नोंद होते, पण त्यांचं चिन्ह गिऱ्हाइकासमोर लावायला ५० टक्के लागतो. तुमच्या होलसेलरला विचारा, आपल्या टोपीत किती टक्के आहे? उत्तर आलं नाही तर पान खरवडून काढा. यूपीएफचंही तसंच. आकडा छापायचाच असेल तर एकदा कापड तपासून घ्या. मुंबईला बीटीआरएसारखी वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था आहे, इचलकरंजीत डीकेटीईसारखं वस्त्रोद्योग शिकवणारं कॉलेज आहे, विचारायला काय जातंय? चिंधीची प्रत्येक टोपी वेगळ्या कापडाची, तिच्यावर एकच आकडा छापणं खोटंच ठरेल. आकड्याऐवजी मी लिहिते: ‘बाहेरून सुती ड्रिल, आतून जुनं मऊ सुती, कारखान्यातल्या कातरणीतून, काठ पाच सेंटिमीटर, मागे मानपडदा.’ गिऱ्हाईक वाचतं आणि समजतं. अजून कुणी आकडा मागितलेला नाही.

आणि ही टोपी सगळ्यात आधी लागते कुणाला? मॉलमधल्या बाळाला नाही, ते एसीतून गाडीत आणि गाडीतून एसीत. दर वर्षी दिवाळीच्या पुढंमागं बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतात. आई पहाटे फडात, बाळ बांधावर. सावली म्हणजे बैलगाडीची किंवा ट्रॉलीची, आणि तीही भरली की निघून जाते. वीटभट्टीवर तर झाडही नसतं. माझी पहिली मागणी त्यांच्यासाठी आहे. तुमच्यातल्या प्रत्येक युनिटनं गाळप हंगाम सरायच्या आत थोड्या टोप्या या पोरांसाठी काढून ठेवा, आणि कृपा करून रिजेक्टेड माल पाठवू नका, काठ वाकडा निघालेली टोपी गरिबाच्या बाळालाही वाकडीच बसते. शिवायला आमच्या पेठेतल्या बचत गटाच्या बायका आहेत. त्यांना मजुरी द्या. चिंधी फुकट आहे, शिलाई फुकट नाही, कळ्या आणि चार तुकड्यांचा काठ जोडायला साध्या टोपीपेक्षा बराच जास्त वेळ जातो. दुकानदारांनी टोपी तिप्पट किमतीला विकायची आणि शिवणारीला साध्या टोपीचाच भाव द्यायचा, हे होऊ नये म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

कारखानदारांना माझं काम एवढंच आहे की कटिंग टेबलाजवळ एकाऐवजी तीन पोती ठेवा: घट्ट सुती, पातळ सुती आणि मिक्स. आत्ता सगळं एकाच पोत्यात येतं, वर चहाचे कप आणि तुटलेल्या सुया. सुया मात्र खरंच बाजूला काढा, बाळाच्या कपड्यात सुईचं टोक राहिलं तर पुढे कुणाचंच काही ऐकून घेतलं जाणार नाही.

खाकी कागदावर ४४, ४७ आणि ५० सेंटिमीटर डोक्याच्या मापाचे पॅटर्न मी कापून ठेवलेत. ज्याला पाहिजेत त्यानं येऊन उतरवून न्यावेत, पैसे नकोत. फक्त येताना घट्ट सुतीचं एक पोतं घेऊन या आणि त्यावर खडूनं ‘सुती’ असं लिहून आणा. म्हणजे प्रत्येक तुकड्याचा दोरा ओढून, काडी लावून, राख होतेय की गोळी, हे बघत बसायला नको.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंगळवार पेठेतली टोपडी शिवणारी